झाड ढकलणारा दांडा

गिरणाकाठच्या जुन्या बाभळी मुळासकट काढायच्या आहेत, त्यासाठी डोझरच्या ब्लेडवर बसणारा दांडा करून द्या, असे सांगत एक शेठ आमच्या चाळीसगावच्या वर्कशॉपमध्ये आले. ब्लेड बुंध्याला टेकवून रेटले तर चेन जागेवरच फिरते. तोच रेटा तिप्पट उंचीवर दिला, तर मुळे उपटणारा जोर तिप्पट होतो.

अडचण अशी की तेवढाच जोर ब्लेडवर उलटा येतो आणि त्याची वरची कड मागे कलंडू पाहते. दांडा सरळ ब्लेडच्या पत्र्यावर वेल्ड करा, असा शेठचा आग्रह होता. सर्रास तसेच करतात आणि पत्रा फाटला की ऑपरेटरच्या नावाने खडे फोडतात. मी ब्लेडच्या पाठीमागच्या उभ्या बरगड्यांवर जाड प्लेटचे कान बसवले, दांडा पिनांवर घेतला आणि दोन तिरके टेकू थेट पुश आर्मपर्यंत, म्हणजे ब्लेडला मशीनशी जोडणाऱ्या बाजूच्या भुजांपर्यंत नेले. त्यामुळे टिल्ट, म्हणजे ब्लेड एका बाजूला तिरके करण्याची सोय गेली, पण ब्लेड वाचले. खालच्या कटिंग एजला मी आच लागू दिली नाही, कारण ते कडक पोलाद वेल्डशेजारी थंड होताना तडकते. बॅटरी सोडवून अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावला, नाहीतर वेल्डिंगचा करंट मशीनच्या बेअरिंगांमधून वाट काढतो. दांड्याच्या टोकाला दातेरी खाच केली, म्हणजे बुंधा बाजूला सटकत नाही.

चाचणीत पहिली बाभूळ हळूहळू कलली. अशा वेळी मुळांचा गड्डा मशीनच्या पोटाखाली वर येण्याआधी मागे यावे लागते, आणि ऑपरेटर ते बरोबर जाणून होता. मात्र तो मागे येत असतानाच वरची वाळलेली फांदी तुटून बॉनेटवर आदळली. सीटवर छप्पर नव्हते. उंचावर ढकलायचे म्हणजे फांद्या आपल्याच डोक्यावर आणायच्या, हे शेठला मी आधीच बजावले होते आणि पाइपच्या पिंजऱ्याचा खर्चही सांगितला होता. “काही व्हत नई, भाऊ,” ऑपरेटरच म्हणाला, कारण शेठ शेजारी उभे होते.

पिंजरा बसल्याशिवाय पिना देणार नाही, असे सांगून मी त्या काढून घेतल्या. शेठ रागावले, पैसे मात्र चोख मोजून गेले. दांडा त्यांच्याकडे आहे आणि त्या मापाच्या पिना कोणत्याही लेथवर तासाभरात होतात.