पुस्तक एक, प्रती दोन

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’मधून प्रोग्रॅम रचण्याची पद्धत) हा विषय जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतून शिकत असताना सत्राच्या प्रकल्पासाठी मी ग्रंथालयाची प्रणाली निवडली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटे मराठी वाचनालय आहे आणि शाळेत असल्यापासून मी तिथे पुस्तके बदलायला जाते, हे त्याचे साधे कारण. बडोद्यात ग्रंथालय हा विषय तसाही घरचाच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवायला घेतली, आणि मध्यवर्ती ग्रंथालयातली लोखंडी मांडणी व खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचवणारी काचेची जमीन आम्हाला शाळेतून मुद्दाम नेऊन दाखवली होती. तेव्हा हा विषय आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, अशा खात्रीनेच मी कामाला लागले.

पहिल्या आराखड्यात मी ‘पुस्तक’ नावाचा एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा, केला. त्यात पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, ते बाहेर गेले आहे का आणि कोणाकडे गेले आहे, एवढे रकाने होते. प्रोग्रॅम विनातक्रार चालला, म्हणून एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी वाचनालयात गेले आणि तिथे बसणाऱ्या ग्रंथपाल काकांना तो दाखवला. त्यांनी काही न बोलता कपाटातून दाखल नोंदवही काढली. लांबट, कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली ती वही उघडून त्यांनी एका कादंबरीवर बोट ठेवले. तिच्यासमोर एकाखाली एक दोन दाखल क्रमांक होते आणि दुसऱ्यापुढे लाल शाईत ‘पान ८७ फाटलेले’ असा शेरा होता. “अगं, पुस्तक एक आहे, पण प्रती दोन आहेत,” काका म्हणाले. “हरवते ती प्रत, फाटते ती प्रत आणि उशिरा येते तीही प्रतच. तुझ्या यंत्रात एक परत आली की दोन्ही परत आल्यासारख्या दिसताहेत.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. मी नावावरून शोध घेत होते, त्यामुळे दोन्ही प्रतींची नोंद एकत्र बदलत होती. शिवाय तीच कादंबरी दोनदा टंकलेली असल्यामुळे एकीत लेखकाचे आडनाव ऱ्हस्व आणि दुसरीत दीर्घ झाले होते. घरी येऊन मी ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ असे दोन क्लास वेगळे केले. नाव आणि लेखक पुस्तकाकडे राहिले, तर दाखल क्रमांक, अवस्था आणि सध्या कोणाकडे आहे ही माहिती प्रतीकडे गेली, आणि प्रत्येक प्रतीला आपण कोणत्या पुस्तकाची प्रत आहोत हे ठाऊक असले की पुरले. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ग्रंथपाल हा भेद कागदावर पाळत आले आहेत. मला मात्र तो वहीवर बोट ठेवून दाखवावा लागला, आणि त्या दिवसापासून हा विषय मला खऱ्या अर्थाने कळू लागला असे मी मानते.

तोपर्यंत मी हा विषय चार व्याख्यांच्या रूपात पाठ केला होता: एन्कॅप्सुलेशन (माहिती आत सुरक्षित ठेवणे), अ‍ॅब्स्ट्रॅक्शन (गरजेचे तेवढेच दाखवणे), इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणे) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच प्रश्नाला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापले उत्तर देणे). परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. ‘ऑब्जेक्ट म्हणजे वास्तव जगातील वस्तू’ हे वाक्यही पाठ होते, पण ते आले कुठून हे मी कधी पाहिले नव्हते. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली, ती रांगा, वाहतूक, कारखाने अशा खऱ्या व्यवहारांची नक्कल संगणकावर चालवून पाहण्यासाठी. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट खरोखरच जगातल्या एखाद्या वस्तूच्या जागी उभा होता. क्लास, सबक्लास (एका क्लासमधून निघालेला दुसरा क्लास) आणि व्हर्च्युअल (सबक्लासला आपल्या परीने बदलता येणारी कृती) हे शब्द सिम्युला ६७ मध्ये आले. पुढे केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सी भाषेला क्लासची जोड देण्याचे काम सुरू केले आणि त्यातून सी++ तयार झाली. १९९५ मध्ये जावा आली. नक्कल करण्याचा मूळ हेतू मागे पडला, तरी व्याख्या तशीच राहिली. म्हणून वस्तू कोणती याइतकेच, कोणती माहिती कोणी सांभाळायची आणि कोणता निर्णय कोणी घ्यायचा हेही विचारावे लागते, असे मला ठामपणे वाटते.

हे विचारू लागल्यावर एन्कॅप्सुलेशनचा अर्थही बदलला. सगळे रकाने प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात लावता न येणारे, करायचे आणि मग कोड लिहिण्याच्या एडिटरकडून प्रत्येकासाठी गेटर-सेटर, म्हणजे रकाना वाचण्याची आणि बदलण्याची सोय, तयार करून घ्यायची, ही आमच्या बहुतेकांची रीत होती. पण असा सेटर दिला की बाहेरचा कोणताही कोड हरवलेली प्रत थेट एखाद्या सभासदाच्या नावावर टाकू शकतो. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखेच ते. मी सेटर काढून ‘देणे’ आणि ‘परत घेणे’ अशा दोनच मेथड, म्हणजे क्लासने करायच्या कृती, ठेवल्या. प्रत आधीच बाहेर असेल किंवा दुरुस्तीला गेली असेल, तर ‘देणे’ स्वतःच नकार देते आणि हा नियम सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकाच जागी लिहिलेला राहतो.

सर्वांत जास्त दिवस इनहेरिटन्सने खाल्ले. ‘सभासद’ या क्लासखाली मी ‘विद्यार्थी सभासद’, ‘साधारण सभासद’ आणि ‘आजीव सभासद’ असे तीन क्लास काढले होते आणि फळ्यावर ते झाड फार सुरेख दिसत होते. काकांनी सहज विचारले, “विद्यार्थ्याचे शिक्षण संपले की त्याचे काय करायचे?” जावामध्ये एकदा निर्माण झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. मग जुना ऑब्जेक्ट टाकून नवा करायचा, आणि त्या मुलाने चार वर्षांत नेलेली पुस्तके, भरलेली अनामत, राहिलेला दंड हे सगळे एकेक करून उचलून न्यायचे. मी तसे करून पाहिले आणि पहिल्याच प्रयत्नात एका सभासदाची अनामत गायब झाली. चूक कोडमध्ये शोधण्यात मी दोन रात्री घालवल्या. प्रत्यक्षात ती आराखड्यात होती. विद्यार्थी असणे ही त्या माणसाची जात नव्हती, ती त्याची त्या वेळची वर्गणी होती.

म्हणून सभासद एकच ठेवला आणि त्याच्याजवळ ‘वर्गणी’ नावाचा वेगळा ऑब्जेक्ट दिला. एका वेळी किती पुस्तके, किती दिवसांसाठी आणि उशीर झाल्यास रोजचा दंड किती, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे वर्गणी देते. शिक्षण संपले की वर्गणी बदलायची. माणूस, त्याचा सभासद क्रमांक आणि त्याचा इतिहास जागच्या जागी राहतो. (दंडाची रक्कम दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवावी, हे मला इथेच कळले. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकाच्या दशांशात नेमकी ०.३ येत नाही.)

पॉलिमॉर्फिझमची व्याख्या मी कितीही वेळा लिहिली असली, तरी ती पटली सप्टेंबरअखेर. वाचनालयाने दरवर्षीप्रमाणे दिवाळी अंक योजना जाहीर केली: ठरावीक रक्कम एकदाच भरायची, एका वेळी एक अंक न्यायचा आणि तो थोड्याच दिवसांत बदलायचा. मी ‘दिवाळी अंक वर्गणी’ हा एक नवा क्लास लिहिला आणि त्यात त्या तीन प्रश्नांची तिची उत्तरे भरली. पुस्तक देण्याच्या कोडला समोरची वर्गणी कोणती आहे हे कळण्याची गरजच नव्हती. ते आपले तीन प्रश्न विचारते आणि मिळालेल्या उत्तरांवर चालते. त्या कोडची एकही ओळ न बदलता नवी योजना सुरू झाली, तेव्हा मी काकांच्या टेबलाशी उभी होते आणि पहिला अंक माझ्याच आईच्या नावावर गेला.

प्रकल्प जमा होऊन आता दोन महिने झाले आहेत, पण काम थांबलेले नाही. मागच्या रविवारी काकांनी कुटुंब सभासदत्वाचा विषय काढला. एका वर्गणीवर घरातली चार माणसे पुस्तके नेणार, मग प्रत नेमकी कोणाच्या नावावर लिहायची आणि दंड कोणाकडे मागायचा? नोंदवहीत ते आजवर कुटुंबप्रमुखाचे नाव लिहून समासात पेन्सिलने ‘धाकटी’, ‘सूनबाई’ असे टिपत आले आहेत. त्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणांना कोणत्या क्लासमध्ये जागा द्यायची, याचा आराखडा सध्या माझ्या वहीत तिसऱ्यांदा खोडून झाला आहे.