दोन पायांचे घोडे

मी गोव्यात बग्गी हाकतो, असं सांगितलं की मिरजेतली आमची माणसं हसतात. गोव्यात घोडा कुठून आला? मी म्हणतो, जहाजातून. अरबस्तानातले घोडे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि तिथून विजयनगरला जायचे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा या व्यापारावरही त्यांचा डोळा होताच. आमची हरणी मात्र टेंपोतून आली, चोर्ला घाट उतरून, आणि उतरल्या उतरल्या तिनं अर्धी बादली पाणी सांडलं.

वाळपईच्या पुढं एका कुळागरात मी कामाला आहे. माड, पोफळी, मिरवेल, केळी, आणि वरच्या डोंगरउतारावर काजू. पावसाळा सोडला तर पाहुणे येत असतात, त्यांना बग्गीतून फिरवायचं. हरणी भीमथडी आहे. भीमेकाठची ही जात अंगानं लहान, पण टणक. घाटात दम टाकत नाही आणि वैरणीला नखरे करत नाही. मालक बरीच वर्षं इंग्लंडात होते, तिथं ते बग्गी हाकायला शिकले. तिकडं हा रीतसर खेळ आहे: ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या आखीव चाली, मॅरेथॉन आणि कोनांमधून गाडी काढणं, असे तीन भाग. पोलो सोडल्यावर राणीचे यजमान प्रिन्स फिलिप याच नादाला लागले आणि नव्वदी ओलांडल्यावरही गाडी हाकत होते. मालक हे सांगायला लागले की मला मिरज स्टेशनवर टांगा लावणारे माझे आजोबा आठवतात. त्यांनाही नाद होताच, पण त्याला खेळ म्हणायला त्यांना सवड नव्हती.

मालकांचं एक बोलणं मात्र मला पटलं. घोड्यावर बसणाऱ्याला मांड्या असतात, टाचा असतात. हाकणारा मागं बसलेला. त्याच्याकडं आवाज, लगाम आणि चाबूक एवढंच. म्हणून चाबूक हा मारायचा नाही, तो आपला पाय. जिथं टाच लागली असती, तिथं फक्त टेकवायचा. आजोबा हेच करायचे, फक्त त्यांनी ते असं फोड करून कधी सांगितलं नाही.

आणि कुत्री. आमच्याकडं दोन. भुरी म्हातारी आहे, ती माझ्या पायाशी पायदानावर बसून हिंडते आणि पाहुण्यांच्या बिस्किटांवर जगते. तांबू गावठी, तांबडा, एक कान फाटलेला, जवळच्याच वाडीवरून पिल्लू असताना आलेला. तो गाडीखाली, आसाच्या बरोबर मागं पळतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही. मालक म्हणाले, इंग्लंडात डाल्मेशियन कुत्री अशीच घोडागाड्यांबरोबर पळवत, काही थेट आसाखाली, आणि रात्री तबेल्यात घोड्यांजवळच झोपत. आमचा तांबूही हरणीच्या गव्हाणीखालीच झोपतो. रोज संध्याकाळी तिघांच्या अंगावरच्या गोचिड्या काढणं हे माझं काम. आमच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, त्यामुळं इथं गोचीड दिसली की कुणी हसण्यावारी नेत नाही. त्या वासात, तेलाच्या हातांनी, कान उलटेपालटे करून बघताना मला या तिघांचे स्वभाव जेवढे कळले, तेवढे गाडी हाकतानाही कळले नसतील.

तो फाल्गुनातला दिवस होता. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं, नवरा-बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. दुपार कलल्यावर निघालो. काजूची बोंडं पिकून खाली पडलेली, सगळ्या डोंगराला तो आंबूस गोड वास. तांबडी वाट सपाट लागली की मी हरणीला दुडकीवर घेतो. बग्गीतला सगळा आनंद दुडकीत आहे, असं माझं मत आहे. समोरासमोरचे तिरपे पाय जोडीनं पडतात, दोन ठोक्यांचा ठेका धरला जातो, चाकं त्यात मिसळतात आणि लगामातून तिच्या तोंडाची हलकी हालचाल बोटांना लागत राहते. मागं लगाम ओढलेला नसतो, सोडलेलाही नसतो. पोरगी खाली वाकून तांबूकडं बघत होती. "काका, तो दमत नाही का?" मी म्हटलं, दमला की तो आधी सांगतो.

परतताना मी वाडीतून यायचं ठरवलं. तिथं चुकलं. शिगम्याचे दिवस आहेत हे माहीत होतं, पण त्या वाडीचा दिवस आजच हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

वळणाअलीकडंच ढोल ऐकू आला. हरणीला ढोलाचं काही नाही. कदंबाच्या बसचा हॉर्न तिच्या कानाशी वाजलेला आहे. वळण घेतलं आणि समोर घोडेमोडणी. सात-आठ गडी, कंबरेला बांधलेले रंगीत झुलीचे घोडे, पुढं लाकडी तोंड, डोक्याला फुलांनी भरलेले फेटे, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात नाचवलेली तलवार, पायांत घुंगरं. इथल्या राणे घराण्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून सत्तरीत आणि डिचोलीकडं हा नाच नाचतात. 1852 मध्ये दिपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, त्यांचा नाणूसचा किल्ला वाळपईच्या शेजारीच. मला हे सगळं ठाऊक होतं. हरणीला ठाऊक नव्हतं. तिला समोर घोड्यांची तोंडं दिसत होती आणि त्यांच्याखाली माणसांचे पाय.

ती जागच्या जागी गोठली. मान वर, कान ताठ, नाकपुड्या वाजायला लागल्या. आमच्या साजाला झापडं आहेत, त्यामुळं तिला फक्त समोरचं दिसतं. आणि समोर नेमकं तेच. मदतनीस पोरगा उतरून तिच्या तोंडाशी गेला आणि मला म्हणाला, "झापडं काढू का? आजूबाजूचं दिसलं तर शांत होईल." मी ओरडलोच. गाडी जोडलेली असताना तोंडावरचा साज काढायचा नाही, हा पहिला नियम. लगाम गेला आणि मागची गाडी अचानक दिसली, तर बिथरलेला घोडा त्या गाडीपासून पळतो, आणि गाडी तर त्यालाच बांधलेली. मी पाहुण्यांना हलक्या आवाजात उतरायला सांगितलं. हाकणारा सगळ्यात आधी चढतो आणि सगळ्यात शेवटी उतरतो, म्हणून मी बसून. हात दाबून धरावेसे वाटत होते. मी बोटं सैल केली. घट्ट लगाम म्हणजे आपली भीती तिच्या तोंडात देणं.

ढोलवाल्यांनी आम्हाला पाहिलं, पण ठेका मध्येच तोडता येत नसावा. नाच पुढं सरकत होता.

तेवढ्यात तांबू आसाखालून बाहेर आला. मला वाटलं, आता भुंकणार आणि सगळं संपणार. तो सरळ नाचणाऱ्यांच्या दिशेनं गेला, एका गड्याच्या घुंगरांचा वास घेतला, शेपूट हलवली. त्याचीच वाडी होती. तो गडी नाचता नाचता त्याला नावानं हाक मारून हसला. नाव तांबू नव्हतं, दुसरंच काही होतं. मग तांबू परत आला, हरणी आणि त्या घोड्यांच्या बरोबर मध्ये धुळीत बसला आणि मागच्या पायानं फाटका कान खाजवायला लागला. अगदी निवांत. भर शिगम्यात.

हरणीची मान एक वीतभर खाली आली. मग अजून थोडी. तिनं लांब श्वास सोडला, तो मला लगामातून कळला. भुरी पायदानावर तशीच झोपलेली होती. तिची मदत एवढीच.

ठेका संपला तसा एक म्हातारा पुढं आला. मी माफी मागायला लागलो. तो म्हणाला, "अरे, माफी कसली? आम्ही वर्षानुवर्षं घोडे नाचवतो, खरा घोडा आज पहिल्यांदा आला." त्यानं हरणीच्या कपाळाला गुलाल लावायला हात पुढं केला. मी म्हटलं, "बाबा, समोरून नको, तिला कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. बाजूनं या, आधी मानेला हात लावा." त्यानं तसंच केलं. मग पोरीच्या हट्टामुळं एका नाचणाऱ्यानं त्याचा लाकडी घोडा हरणीच्या नाकाशी धरला. हरणीनं त्याच्या तोंडातली झेंडूची माळ हुंगली आणि खाऊन टाकली. वाडीभर हशा.

घरी आल्यावर मालकांनी आधी शिव्या दिल्या. मग फोटो मागितले.

ते वळण हरणी विसरलेली नाही. आता शिगमा नाही, वाडी दुपारी झोपलेली असते, तरी ती तिथं आली की दुडकीतून आपसूक चालीवर येते आणि थांबते. तांबू आसाखालून बाहेर येतो, धुळीत बसतो, कान खाजवतो. पाहुणे विचारतात, काय झालं? मी म्हणतो, स्टॉप आहे.