एबेलमध्ये लिहिलेला माग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून मागाचं कंट्रोल कार्ड दुरुस्तीला आलं. ताण्याचा (उभा) धागा तुटला की दिवा लागतो, माग मात्र चालूच राहतो. जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, सेन्सर आणि रिले दोन्ही बदलून बघितले होते. उरली ती वीस पायांची गॅल १६व्ही८, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट द्यायचं ते आत भरून ठेवता येतं अशी चिप. तिच्या इनपुटला सिग्नल नीट येत होता, आउटपुटचा पाय ढिम्म.

"साहेब, जुन्यातलं काढून नव्यात घालता येत नाही का?" जॉबर म्हणाला.

नाही येत. चिप भरणाऱ्याने सिक्युरिटी फ्यूज उडवून ठेवलेला. (फ्यूज हे नाव जुन्या पाल चिपपासून चिकटलंय. १९७८ साली मोनोलिथिक मेमरीजने पाल आणली, तिच्यात खरोखरच बारीक जोड जळायचे. गॅल विजेने पुसून पुन्हा भरता येते.) एकदा तो उडवला की आतला नकाशा वाचता येत नाही. सगळं पुसलं तरच तो फ्यूज जागेवर येतो, पण मग वाचायला उरतं काय?

मालकांनी मशीनची जुनी फाईल काढून दिली. तिच्या मागच्या कप्प्यात डॉट मॅट्रिक्सवर छापलेली दोन पानं निघाली आणि पहिल्याच ओळीत 'मॉड्यूल' दिसलं. एबेल! अशा चिपमध्ये काय भरायचं ते लिहायची जुनी भाषा. मी तिथेच खुर्ची ओढून वाचत बसलो.

एबेल १९८३ साली अमेरिकेत रेडमंडच्या डेटा आय/ओ कंपनीने काढली. आपल्याकडे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघालं तेही त्याच साली. त्याआधी पालॅस्म नावाची भाषा होती, तिच्यात अँडला ('आणि') गुणाकाराची खूण आणि ऑरला ('किंवा') अधिकची. एबेलमध्ये अँडला &, ऑरला # आणि नकाराला !. आज व्हीएचडीएल-व्हेरिलॉग या आताच्या चिप-भाषा शिकलेल्या पोरांनी हे नावही ऐकलेलं नसतं. त्या पानांवरची मुख्य ओळ ही होती (नावं मी मराठीत केलीत):

चालू := (सुरू # चालू) & !थांबा & !ताणा & !बाणा;

नुसतं = असेल तर आउटपुट लगेच बदलतं, := असेल तर क्लॉकच्या ठोक्याला. सुरूचं बटण सोडलं तरी 'चालू' स्वतःला धरून राहतं, आणि ताणा किंवा बाणा (आडवा धागा) तुटला की सोडतं. कंस सोडवला की दोनच प्रॉडक्ट टर्म (अँडने जोडलेले गट) होतात. १६व्ही८मध्ये एका आउटपुटला आठ मिळतात, म्हणजे जागाच जागा.

कंपाइलर या समीकरणांतून चिपमध्ये भरायची जेडेक फाईल काढतो. १६व्ही८ला २१९४ फ्यूज. ० म्हणजे जोड शाबूत, १ म्हणजे तुटलेला. जॉबरला मी एवढंच सांगितलं की हे चादरीच्या जॅकार्डच्या कार्डासारखं आहे, भोक असेल तिथे हूक उचलला जातो. त्याला पुढचं काही समजवावं लागलं नाही.

पण मला ही भाषा आवडते ती समीकरणांसाठी नाही. खाली 'टेस्ट व्हेक्टर्स' असतात त्यासाठी, म्हणजे अमुक इनपुट दिलं तर अमुक उत्तर यायला हवं अशा चाचणीच्या ओळी. क्लॉक, सुरू, थांबा, ताणा, बाणा या क्रमाने:

[.सी., १, ०, ०, ०] -> [१];
[.सी., ०, ०, ०, ०] -> [१];
[.सी., ०, ०, १, ०] -> [०];
[.सी., १, ०, १, ०] -> [०];

.सी. म्हणजे क्लॉकचा एक पूर्ण ठोका. शेवटची ओळ बघा. धागा तुटलेला आहे आणि कामगार तरीही सुरूचं बटण दाबतोय, तर माग सुरू होता कामा नये. पीस रेटवर काम करणाऱ्याचा हात बटणाकडे जाणारच, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. तो गडी मागाजवळ उभा राहिलेला असणार.

या ओळी जेडेक फाईलमध्येही उतरतात. चिप भरून झाली की प्रोग्रॅमर (चिप भरायचं मशीन) तिच्या पायांवर हेच ० आणि १ लावून उत्तर तपासतो. डेटा आय/ओचा मूळ धंदाच प्रोग्रॅमर मशीनचा, तेव्हा भाषेत ही सोय ठेवणं त्यांना सुचलं यात नवल नाही.

नवी चिप म्हणून त्याच जातीची एटीएफ१६व्ही८ घेतली आणि ते सगळं कपल या दुसऱ्या अशाच भाषेत उतरवलं. कपलमध्येही खुणा &, # आणि ! याच, त्यामुळे समीकरणं जवळपास तशीच्या तशी गेली. व्हेक्टर मात्र तिथे वेगळ्या एसआय फाईलमध्ये लिहावे लागतात. हे मला पटत नाही. फाईल वेगळी म्हणजे ती आधी हरवणार.

"एवढ्यासाठी काय करलालाव, आर्डुइनो लावा की," असं शेजारच्या दुकानातला पोरगा म्हणाला. लावता येईल तो छोटा तयार बोर्ड, प्रोग्रॅम लिहून. १६व्ही८ची पंधरा नॅनोसेकंदांची चपळाई मागाला कशाला हवी? पण मालकांना कार्ड होतं तसंच हवं होतं, आणि हातात पक्की समीकरणं असताना नवीन प्रोग्रॅम लिहून तपासत बसायला मला कारण दिसेना.

आता टेबलावर सायझिंग मशीनचं (धाग्याला खळ लावणाऱ्या मशीनचं) कार्ड आलंय. त्यात गॅल २२व्ही१०, सिक्युरिटी फ्यूज उडवलेला आणि कागद एकही नाही. चिप अजून जिवंत आहे, तेव्हा सगळे इनपुट फिरवून तक्ता मांडता येईल. पण आत रजिस्टर, म्हणजे आधीची स्थिती लक्षात ठेवणारे भाग, असतील तर तेच इनपुट देऊन दोनदा दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. या मालकांना मी अजून भाव सांगितलेला नाही.