मास्तरांचं पुस्तक छापायला मला सात वर्षं लागली

आईच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांनी मुलांसाठी लिहिलेलं गोष्टींचं एक छोटं पुस्तक आईने अजून जपून ठेवलंय. पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येतो आणि मधल्या दोन पानांना वाळवी लागलेली. मला ते पुन्हा छापायचं होतं, विकायला नाही, शंभरेक प्रती नात्यात आणि त्या शाळेत वाटायला.

२०१६ ला मागे लागलो. प्रकाशकाचं दुकान कधीच बंद झालेलं. मास्तरांचा एक नातू सापडला, तो लगेच हो म्हणाला, पण हक्क सगळ्या वारसांचा, त्यातला एक जण फोन उचलेना आणि एकाचा तर पत्ताच नाही. एकट्याच्या सहीवर छापायला प्रेसवाला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

मग ओळखीचे एक वकील काका म्हणाले, आधी मास्तर कधी वारले ते बघ. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, लेखक गेला की पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतं. ग्रामपंचायतीतून मास्तरांचा मृत्यूचा दाखला काढला तर साल निघालं १९६२. म्हणजे १ जानेवारी २०२३ पर्यंत थांबा.

आधी ही मुदत पन्नास वर्षंच होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ ला कायदा बदलून दहा वर्षं वाढवली, आणि ती वाढली सगळ्यांचीच. पन्नास राहिली असती तर मी निघालो तेव्हा हे पुस्तक तीन वर्षं आधीच मोकळं झालेलं असतं. रवींद्रनाथ कोणीतरी छापतंच हो, मास्तरांना कोण छापणार, त्या दहा वर्षांत त्यांची पानं वाळवी खाते. लेखकाच्या घरच्यांना पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही, पण इथे ना कोणाला पैसे मिळत होते ना कोणाला पुस्तक. हक्क कधीतरी संपलाच पाहिजे आणि मला विचाराल तर साठ वर्षं फार होतात.

२०२३ उजाडलं तरी अडलंच. प्रस्तावना दुसऱ्याच एका हेडमास्तरांची, ते १९७१ ला गेले, म्हणजे ती २०३२ ला मोकळी होणार, म्हणून गाळली. चित्रकाराचा हक्क वेगळा, आणि चित्रांखालची सही कोणालाच लागेना, मग चित्रंही गाळली, त्याचं फार वाईट वाटलं कारण आईला गोष्टींआधी त्यातला तो छत्रीवाला कोल्हाच आठवतो.

डीटीपीवाल्याने टाइप करून दिलं, जुन्या 'नांव' आणि 'कांहीं' वरचे अनुस्वार मी तसेच ठेवायला लावले. प्रूफं आईनेच वाचली. वाळवीने खाल्लेल्या जागी एका गाण्याच्या तीन ओळी गेल्या होत्या, त्यातल्या दोन तिने डोळे मिटून म्हणून दाखवल्या. तिसरी काही केल्या आठवली नाही, तिथे टिंबं दिलीत.