शाळा सोडण्याचे कारण

ज्युनियर केजी, सीनियर केजी आणि पहिली ते चौथी. मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलग्यांची शाळा ती एवढीच, सहा वर्षांची. जीझस अँड मेरी (लियाँ, फ्रान्स, 1818) घ्या किंवा अपोस्टॉलिक कार्मेल (बायोन, फ्रान्स, 1868), सिस्टरांचे हे संघ मुलींच्या शिक्षणासाठी निघालेले. मुलग्यांना जागा प्राथमिकपुरती, आणि प्राथमिक चौथीला संपायचं.

त्या सहा वर्षांत हाताला लागलेलं वळण मात्र गेलं नाही. चार रेघी वहीतलं अक्षर सगळ्यांना आठवतं. मला शिवणाचा तास जास्त मोलाचा वाटतो, कारण तो मुलग्यांनाही होता. बटण लावायला दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंतलाच. दुहेरी करून गाठ कापडाच्या उलट बाजूला. बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवायची आणि तिच्यावरून भोकांच्या प्रत्येक जोडीत तीन-तीन टाके. मग काडी काढून बटण वर ओढायचं, खालच्या दोऱ्याला तीन वेढे द्यायचे आणि मागे गाठ मारायची. काडी विसरली तर बटण कापडाला चिकटून बसतं. काजात घालताना कापड ओढलं जातं, चुण्या पडतात आणि आठवड्याभरात दोरा तुटतो. हाफपँटची बटणं सारखी तुटायची, त्यामुळे ही विद्या घरी लगेच कामी यायची.

मैदानावर थ्रोबॉल. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे नीतिशिक्षण. नाताळच्या नाटकात मेंढपाळ आणि तीन राजे ठरलेले.

चौथीत दुसरं सत्र लागलं की घरोघरी फॉर्मची धावपळ सुरू. पुण्यात कॅम्पातलं 1867 चं सेंट व्हिन्सेंट्स, पाषाण रस्त्यावरचं 1961 चं लोयोला अशी शाळांची नावं निघत. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, जन्माचा दाखला आणि कॅथलिकांना बाप्तिस्म्याचा. घोळ व्हायचा तो नावात: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नावच गायब. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर फार खेटे घालावे लागतात. आजच्या पालकांनीही तिसरीतच जन्मदाखला आणि शाळेतली नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

शाळेकडे एक गोष्ट मनापासून मागायची आहे. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या एसएससीच्या बॅचवरून होतात, आणि दहावीच्या बॅचमध्ये मुलगे कुठून असणार? पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाची ओळ आहे: नोंदणी क्रमांक, नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी कारण, ‘चौथी उत्तीर्ण’. तो रकाना वाचत गेलं तरी सगळे मुलगे सापडतील. शाळेच्या महोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांची जी यादी होईल, तिच्यात ती नावं यावीत. जुनी रजिस्टरं नाजूक झालेली असणार, ती ऑफिसबाहेर नेऊ नयेत; आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी शनिवारी येऊन तिथेच बसून नावं उतरवून काढू.