दादा, पोट्टा कॉर्नरच आहे

माझ्या मावसभावाचा पोट्टा न्यू जर्सीत हायस्कूलला आहे आणि फुटबॉल खेळतो, म्हणजे आपल्या कामठीतला पायानं खेळायचा नाही, तो हेल्मेट घालून धडकायचा अमेरिकन. शाळा लहान, टीममध्ये पोट्टेच कमी, म्हणून हा दोन्हीकडून खेळतो, आपल्याकडे बॉल असला की रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास पकडणारा, समोरच्यांकडे गेला की कॉर्नरबॅक किंवा नुसतं कॉर्नर, म्हणजे त्यांच्या रिसीव्हरला अडवणारा. त्यांची शुक्रवारी संध्याकाळी सातची मॅच म्हणजे नागपुरात शनिवारची पहाटेची साडेचार, नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की साडेपाच. मी उठून बघतो. घरचे वेड्यात काढतात, काढू दे.

आता दादाचं, म्हणजे त्या मावसभावाचं, सुरू झालंय की पोट्ट्याला टीममध्ये घ्यावं म्हणून कॉलेजच्या कोच लोकांना व्हिडिओ पाठवायचाय, तू एवढं बघून राहिला तर सांग काय टाकू. त्यानं स्वतः एक बनवून पाठवला, सगळे टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन पॉइंट घेतात ते), एका हाताचे कॅच, मागं ढिनचॅक गाणं. दिसतं भारी. पण मी पूर्ण मॅचेस पाहिल्यात आणि माझं म्हणणं एकच आहे, हा कॉर्नर आहे, रिसीव्हर नाही.

काहून ते सांगतो. त्याचे जे मोठे मोठे कॅच आहेत ना ते बहुतेक सरळ पळून समोरच्याला मागं टाकून घेतलेले आहेत, तो डिफेंडर स्लो होता बस. रूटमध्ये, म्हणजे पाससाठी पळायच्या ठरलेल्या वाटेवर, जिथं कट मारायचा तिथं हा आधीच छोटी छोटी पावलं टाकायला लागतो, अंग वर येतं, म्हणजे समोरच्याला सांगूनच टाकलं की मी आता वळतोय. आणि बॉल हातानं कमी, छातीवर जास्त घेतो. हे सगळं शिकवता येतं, मान्य, पण फास्ट पळणारे रिसीव्हर तिकडं ढिगानं आहेत.

आता त्यालाच कॉर्नरला बघा. समोरच्यापासून सातेक यार्ड मागं उभा, तो फुल स्पीडनं अंगावर येतोय आणि याला उलट्या पावलानं मागं जायचंय, कुठं वळणार ते माहीत नाही. मधलं अंतर दोन-तीन यार्डांवर आलं की कंबर फिरवून त्याच्यासोबत पळायचं, लवकर फिरला तर तो आतून निघून जातो, उशिरा फिरला तर डोक्यावरून. हा पोट्टा एका पावलात फिरतो. मध्ये एक्स्ट्रा पाऊल नाही, धडपड नाही, डोळे समोरच्याच्या कमरेवर. हे शिकवून येत नाही असं नाही, पण ज्याला अंगात आहे त्याचं वेगळंच दिसतं.

आणि हायस्कूलचं मैदान कॉर्नरसाठी जास्त वाईट असतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. रुंदी १६० फूट, मधल्या हॅश मार्कच्या दोन रेघा (प्रत्येक डाव यांच्यावर किंवा यांच्या मध्येच बॉल ठेवून सुरू होतो) तिचे सारखे तीन भाग करतात, एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रो लीगमध्ये, त्याच रेघा एकमेकींपासून फक्त साडेअठरा फुटांवर आहेत. म्हणजे हायस्कूलला बॉल डाव्या रेघेवर ठेवला की उजवीकडं दोन तृतीयांश मैदान मोकळं, आणि आपला पोट्टा बहुतेक वेळा त्या मोकळ्या बाजूलाच एकटा असतो.

रिसीव्हर असल्याचा फायदा त्याला इथं होतो खरा. एका मॅचमध्ये समोरच्यानं तीन पावलं टाकून स्लँट मारला, म्हणजे तिरका आत वळला, आणि बॉल क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातातून सुटायच्या आधीच हा तिथं, कारण तोच रूट हा स्वतः दर आठवड्याला पळतो. हात लावून बॉल पाडला. दादाच्या व्हिडिओत हे नाहीच! त्याला विचारलं तर म्हणे इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा पास स्वतःच पकडणं, ते कुठं झालं, नुसता पाडला.

इंटरसेप्शनचं दादानं फारच डोक्यात घेतलंय, की या सीझनला कमी झाले, कोच काय म्हणतील. अरे बाबा, पहिल्या दोन मॅचनंतर त्याच्याकडं कोणी बॉलच टाकून नाही राहिलं. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघतो आणि दुसरीकडं टाकतो. कॉर्नरसाठी याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं, पण ते आकड्यात येत नाही.

दोन्हीकडून खेळणाऱ्याला बघायचं असेल तर चौथा क्वार्टर बघायचा, हे मी कबड्डीवरून शिकलो, रेड मारून आलेला ऑलराउंडर लगेच डिफेन्सला कसा उभा राहतो त्यावरून कळतं. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर, हा जवळपास बाहेर बसतच नाही. शेवटी शेवटी रिसीव्हर म्हणून तो आराम करतो, रनिंग प्ले, म्हणजे पास न टाकता बॉल घेऊन पळायचा डाव, असला की समोरच्याला ब्लॉक करायचा कंटाळा, चालतच जातो. कॉर्नरला मात्र नाही, पलीकडच्या बाजूनं कोणी बॉल घेऊन सुटला तरी हा आडवा पळत जाऊन टॅकल करतो. दमल्यावर माणूस कुठं काटकसर करतो आणि कुठं नाही, बघा तुम्हीच.

दादा मला दोन्हीकडून खेळणारा ट्रॅव्हिस हंटर सांगतो. बरोबर आहे, २०२४ मध्ये कॉलेजला कोलोरॅडोकडून ९६ कॅच, १५ टचडाऊन आणि वर चार इंटरसेप्शन, कॉलेजच्या सगळ्यात भारी खेळाडूची हाइजमन ट्रॉफी, मग २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, जिथं एनएफएलच्या टीम नवे पोट्टे निवडतात, दुसऱ्या नंबरवर जॅक्सनव्हिलच्या टीमनं घेतला. पण तो असा एक आहे. चार्ल्स वुडसन कॉलेजला मिशिगनकडून दोन्हीकडून खेळला, १९९७ ची हाइजमन घेतली, चॅम्प बेली तसाच जॉर्जियाला दोन्हीकडून खेळला, आणि एनएफएलमध्ये दोघांचंही नाव झालं ते डिफेन्समध्येच. हॉल ऑफ फेममध्ये दोघंही आहेत.

तर मी लिहून पाठवलंय, सुरुवातीला कॉर्नरचे प्ले टाक, त्यात दोन-तीन असे की बॉल आलाच नाही, तो स्लँटवाला टाक, टचडाऊन शेवटी चार पुरे, गाणं काढ, आणि सोबत एका पूर्ण मॅचची लिंक दे, जिंकलेलीच पाहिजे असं नाही. वहिनीला पटलं. दादा म्हणे बॉल न आलेला प्ले कोण बघणार बे. आणि पोट्ट्यानं ग्रुपवर नुसता अंगठा टाकला, तो दादाला होता की मला ते काही कळलं नाही.