रिकाम्या दोन दिवसांसकट स्पिती

गेल्या वेळी हिमाचलच्या या उंच खोऱ्यात मोटारसायकलने जाताना आम्ही नकाशावर किलोमीटर मोजले होते. मनाली ते चंद्रताल तलाव सव्वाशेच्या आत भरत होतं, म्हणून एक दिवस पुरे वाटला. सकाळी २,०५० मीटरवर उठलो आणि रात्री ४,२५० वर झोपलो. झोपलो असं म्हणायचं एवढंच. विरळ हवेने माझं डोकं फुटायला आलं होतं, दोनदा उलटी झाली. उजाडताच धाकट्या भावाने सामान बांधलं आणि आम्ही आल्या वाटेने खाली उतरलो. स्पितीचं मुख्य गाव काझा, ते पाहिलंच नाही.

या सप्टेंबरमध्ये पुन्हा निघतोय, दोघं, दोन मोटारसायकली. यावेळी मुक्कामांच्या उंचीवरून आखणी केली आहे. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त चढू नये, हा गिर्यारोहकांचा नियम. मनालीकडून तो पाळणं अवघड, म्हणून शिमल्याकडून शिरायचं. पहिली रात्र सराहन, मग कल्पाला दोन रात्री (२,९५० च्या आसपास), पुढे ताबो (३,२८०), मग काझा (३,७०० च्या आसपास). नाको गाव वाटेत आहे, सुंदर आहे, पण ताबोपेक्षा उंच. तिथे तळ्याकाठी तासभर थांबायचं आणि खाली ताबोला झोपायचं. शिवाय ताबोचा मठ ९९६ सालचा. त्याच्या अंधाऱ्या भिंतींवरची चित्रं दमलेल्या डोळ्यांनी घाईत बघायची नाहीत, हे मी मनाशी पक्कं केलंय.

चंद्रतालची उडी साडेपाचशेची, म्हणून त्याआधी काझ्यात तीन रात्री. दिवसा किब्बर, कॉमिक, की अशा काझ्याच्या वरच्या गावांना चढायचं आणि झोपायला खाली यायचं. शरीराला सवय लागते ती अशी.

मनालीत उतरेपर्यंत हे नऊ दिवस होतात. मी अकरा लिहिलेत.

यावरून घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस मोकळे ठेवण्यापेक्षा काझ्याजवळची पिन व्हॅली करू ना." मी त्याला २०१८ ची आठवण दिली. त्या वर्षी सप्टेंबर सरता सरता स्पितीच्या शेजारच्या लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडलं आणि शेकडो लोक अडकले. काझा आणि चंद्रतालच्या मधला कुंझुम घाट बंद झाला तर काझ्याहून पुढे मनालीला जाता येत नाही, आलो तसंच शिमल्याला परतायचं. त्याला तीन दिवस लागतील आणि ते अकरात बसतात. नवात बसत नाहीत, आणि मग माणूस न जाण्यासारख्या रस्त्यावर गाडी घालतो. मोकळा दिवस घाटाखाली थांबायचं बळ देतो. पिन व्हॅली कुठे जात नाही.

पेट्रोलचा हिशेब कागदावर मांडला. कल्पाखालच्या रेकाँग पियोजवळ टाकी भरली की काझ्यापर्यंत साधारण दोनशे किलोमीटर, आणि काझ्यापासून मनालीपर्यंत पुन्हा दोनशे, मध्ये पंप नाही. माझी गाडी सपाटीवर तीस देते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं तर मी बावीसच धरते. टाकी पंधरा लिटरची, म्हणजे ३३०. पाच लिटरचा कॅन जोडला तर ४४०. काझ्याच्या पंपावर पेट्रोल संपलेलं असलं तरी मनाली गाठता येईल, फक्त वरची गावं सोडावी लागतील. कॅन पियोलाच भरायचा.

चंद्रतालहून मनालीकडे जाताना लागणाऱ्या बातल ते छत्रू या पट्ट्याची मला खरी काळजी आहे. तिथले नाले बर्फ वितळून येतात. दिवसभर ऊन खाल्लं की दुपारनंतर पाणी फुगतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. गेल्या वेळी आम्ही संध्याकाळी चारला पाण्यात उतरलो. भावाची गाडी मध्यावर दगडावरून घसरली आणि एअर फिल्टरपर्यंत भिजली. तो बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभा राहून गाडी धरून होता, तो चेहरा मी विसरलेले नाही. यावेळी चंद्रतालहून सहाला निघायचं. अवघड वाटला तर नाला आधी चालत ओलांडून पाहायचा, मगच गाडी.

सामान कमी घेतोय, जड वस्तू खाली आणि मध्याकडे. क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारून आत्ताच टाकून बांधून ठेवली आहे. वाटेत तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. ब्रेक आणि क्लचचे दांडे, चेनची जोडकडी, स्पार्क प्लग, दोन ट्यूब.

ट्यूब बरोबर असणं आणि ती बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या रविवारी आम्ही मागचं चाक उतरवलं. टायरची कड रिमवरून सोडवायलाच पाऊण तास गेला आणि बसवताना लिव्हरने नवी ट्यूब चिमटली. चार हजार मीटरवर धाप लागलेली असताना हेच करायचं आहे. येत्या रविवारी पुन्हा उतरवणार आहोत, यावेळी भाऊ हात लावणार नाही.